घरचा संगीतसंग्रह डिजिटल करताना : फ्लॅक, अलॅक, एमपी३ की ओपस?

रानजाई

घरातल्या सुमारे अडीचशे सीडी, शंभरेक कॅसेटी, थोड्या एलपी आणि 'शंभर गाणी एका डिस्कवर' छापाच्या काही एमपी३ डिस्क हे सगळं एका हार्ड डिस्कवर आणायचं आहे. बहुतेक शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अभंग-भजनं आणि भावगीतं. ऐकणं तीन ठिकाणी : दिवाणखान्यातला ॲम्प्लिफायर, फोन (घरात अँड्रॉइडही आहे, आयफोनही) आणि गाडीतला पेन ड्राइव्ह लावायचा स्टिरिओ.

नेटवर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. कोणी म्हणतं ३२० किलोबिटचं एमपी३ पुरेसं, कोणी म्हणतं फ्लॅकशिवाय काही ठेवूच नका, कोणी २४ बिट ९६ किलोहर्ट्झ सांगतं. एवढं काम दोनदा होणार नाही, म्हणून फॉरमॅट आधीच पक्का करायचा आहे. जाणकारांनी सेटिंगसकट सांगावं.

तारसप्तक

सगळीकडे एकच फॉरमॅट हा आग्रह सोडला की निम्मा गुंता सुटतो. मूळ प्रत एक, वापरायच्या प्रती वेगळ्या. मूळ प्रत लॉसलेस, म्हणजे सीडीवरचा प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळेल अशी. फोन आणि गाडीच्या प्रती तिच्यातून केव्हाही काढता येतात, पुसता येतात, उद्या नवा फॉरमॅट आला तर पुन्हा काढता येतात. उलट्या दिशेला रस्ता नाही. एमपी३ करताना जे गाळलं ते त्या फाइलीतून कधीच परत येत नाही.

जागेचा हिशोब बघा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, चॅनल दोन : १,४११ किलोबिट प्रतिसेकंद, तासाला ६३५ एमबी. तेच फ्लॅक या लॉसलेस फॉरमॅटमध्ये तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी बसतं. गाळणाऱ्या फॉरमॅटांत ३२० चं एमपी३ तासाला १४४ एमबी, २५६ चं एएसी ११५, १२८ चं ओपस ५८. अडीचशे सीडी फ्लॅकमध्ये १०० जीबीच्या आसपास जातील. आज १ टीबीची डिस्क ही किरकोळ गोष्ट आहे, तेव्हा मूळ प्रतीत काटकसर करायचं कारण उरलेलं नाही.

मूळ प्रतीसाठी माझं मत सरळ फ्लॅकला. २००१ पासून आहे, कोणालाही फुकट वापरता येतो, आणि २०२४ च्या डिसेंबरात आरएफसी ९६३९ (इंटरनेट मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) म्हणून त्याची रचना अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. एखादी कंपनी बंद पडली म्हणून फाइल उघडेनाशी होईल अशी भीती नाही. आणि एक गुण असा आहे की ज्याची चर्चा फार कमी होते : फाइलीच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे ध्वनीवरून काढलेला ताळ्याचा आकडा, लिहिलेला असतो. पाच वर्षांनी डिस्कवर एखादा बिट बिघडला तर फ्लॅकच्या टेस्ट आज्ञेने तो लगेच पकडता येतो. वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाइलीत बिघाड झाला तर तो कळायला कान लागतो, तोही नेमक्या त्या क्षणी जागा असलेला.

फ्लॅकला कॉम्प्रेशनची लेव्हल ० ते ८ असते. तिचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. ८ ला फाइल एखाद-दोन टक्के लहान होते आणि बनवायला जास्त वेळ लागतो, एवढंच. मूळची ५ ठेवा किंवा ८, पुढे उलगडून येणारा ध्वनी एकच.

जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना इथे वेगळा फायदा मिळतो. सीडीवर मोनो गाणं दोन्ही चॅनलवर तंतोतंत सारखं असेल तर फ्लॅक दोघांतला फरक शून्य म्हणून नोंदवतो, आणि दुसऱ्या चॅनलला जागाच लागत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नासच्या दशकातल्या गाण्यांच्या फाइली खूपच लहान दिसल्या तर काही बिघडलंय असं समजू नका.

दूरदेशी

तारसप्तक यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण घरात सगळं ॲपलचं असेल तर अलॅकचा, म्हणजे ॲपलच्या लॉसलेस फॉरमॅटचा, विचार जरूर करावा. आयफोनवर फाइल्समधून फ्लॅक वाजतं, पण मॅकवरचं म्युझिक ॲप फ्लॅक लायब्ररीत घेतच नाही. अलॅक घेतं. इकडे परदेशातल्या बऱ्याच घरांत फोन, लॅपटॉप, स्पीकर सगळं त्याच कंपनीचं असतं, तिथे फ्लॅक ठेवलं की दर वेळी मध्ये एक जास्तीचं ॲप येतं.

अलॅकही लॉसलेसच, आणि २०११ पासून ॲपलने त्याचा सोर्स अपाची परवान्याखाली खुला केला आहे, त्यामुळे अडकून पडण्याची भीती राहिलेली नाही. अलॅकमधून फ्लॅक आणि फ्लॅकमधून अलॅक, कितीही वेळा करा, ध्वनीचा एक बिटही बदलत नाही. मॅकवर एक्सएलडी हे फुकट सॉफ्टवेअर दोन्ही दिशांनी टॅगसकट बदल करतं.

तारसप्तक

मान्य. फक्त अलॅकमध्ये तो एमडी५ ठसा नसतो, त्यामुळे फाइली शाबूत आहेत का हे बघायला वेगळी चेकसम यादी ठेवावी लागते. रानजाईंच्या घरी अँड्रॉइडही आहे आणि गाडीचा स्टिरिओही, म्हणून मूळ प्रत फ्लॅक आणि आयफोनपुरती प्रत अलॅक किंवा २५६ चं एएसी, हे बरं.

वायरमन

फॉरमॅटवर सगळे भांडतात आणि सीडी वाचताना होणाऱ्या चुका मात्र तशाच फ्लॅकमध्ये जाऊन बसतात. म्हणून आधी वाचनाचं बघू.

डेटा सीडीवर दर सेक्टरला चुका दुरुस्त करायची जादा माहिती असते. ऑडिओ सीडीवर तो जादा थर नसतो. तिथे जी दुरुस्ती असते ती साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा ओरखडा भरून काढते. त्यापुढे ड्राइव्ह अंदाजाने नमुने भरतो आणि कोणालाही काही सांगत नाही. साध्या मीडिया प्लेअरने रिप केलं, म्हणजे सीडी फाइलींत उतरवली, तर 'पूर्ण झालं' असा निरोप येतो आणि तिसऱ्या गाण्यात तबल्यावर कुठेतरी टिक् बसलेली असते.

म्हणून विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा क्यूरिपर, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत सिक्युअर मोड चालू, 'ड्राइव्ह कॅश करतो' (वाचलेलं तात्पुरतं स्वतःकडे साठवतो) हा पर्याय आपल्या ड्राइव्हप्रमाणे बरोबर निवडलेला, सी२ चा (चुका ड्राइव्हनेच कळवायचा) पर्याय बंद. ड्राइव्ह कॅश करत असेल आणि तसं सांगितलं नाही, तर दुसऱ्या वाचनात तेच जुनं वाचन कॅशमधून परत मिळतं आणि दोन्ही जुळल्याचा खोटा दिलासा मिळतो. मग 'टेस्ट अँड कॉपी' वापरायचं : प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो, दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे ताळ्याचा आकडा, जुळला पाहिजे.

यावर आणखी एक ताळा म्हणजे ॲक्युरेटरिप. तुमचा आकडा त्याच सीडीच्या इतरांच्या आकड्यांशी ताडून बघितला जातो. त्यासाठी ड्राइव्हचा ऑफसेट ठीक हवा. प्रत्येक मॉडेल काही नमुने पुढे-मागे वाचतं, कोणी ६, कोणी ६६७. कानाला हे कळणं शक्य नाही, ६६७ नमुने म्हणजे १५ मिलिसेकंद; पण तो आकडा भरला नाही तर ताळा जुळत नाही. यादीत असलेली एखादी लोकप्रिय सीडी घातली की सॉफ्टवेअर ऑफसेट स्वतः ओळखतं. मराठी सीडी त्या यादीत नसण्याची शक्यता बरीच आहे. 'सापडली नाही' याचा अर्थ रिप चुकलं असा होत नाही. अशा वेळी दोन वाचनांचे सीआरसी जुळणं हाच पुरावा, आणि दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर जुळले तर उत्तमच.

ओरखडे असलेली सीडी पुसायची ती मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, सलग माहिती खातो आणि दुरुस्तीच्या पलीकडे जातो. आडवा ओरखडा ट्रॅकच्या प्रत्येक वळणाला फक्त एका जागी छेदतो. चकचकीत बाजू सगळे जपतात, खरी नाजूक बाजू छापील लेबलची. आरशासारखा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तो खरवडला की तिथलं संगीत गेलं. त्या बाजूला बॉलपेनने नाव लिहू नका, चिकटलेले स्टिकर ओढून काढू नका.

रिपचा लॉग आणि क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी) त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. काही केबीचा मामला आहे, पण पुढे शंका आली तर उत्तर त्यातच असतं.

रानजाई

वायरमन, खूप उपयोगी. एक शंका : मूळ प्रत सरळ वेव्हमध्येच का ठेवू नये? कॉम्प्रेशनच नको. आणि फोनवर ३२० चं एमपी३ घ्यावं की ओपस?

तारसप्तक

वेव्हची अडचण टॅगची. गायक, राग, अल्बमचं मुखपृष्ठ हे वेव्हमध्ये लिहायच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि प्रत्येक प्लेअर सगळ्या वाचत नाही. एका ठिकाणी भरलेली माहिती दुसरीकडे कोरी दिसते. शिवाय वेव्ह फाइलीच्या लांबीचा आकडा ३२ बिटचा, म्हणून ४ जीबीची मर्यादा. २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओ मैफल रेकॉर्ड करत असाल तर २ तास ४ मिनिटांत ती गाठली जाते, आणि काही सॉफ्टवेअरं तिथे मुकाट्याने फाइल बिघडवतात. संपादन चालू असेपर्यंत वेव्ह, साठवायला फ्लॅक.

आता फोन. एमपी३ चे पेटंट २०१७ साली संपले, तो वाजत नाही असं उपकरण सापडणं कठीण. हाच त्याचा आजचा मोठा गुण. लेम या एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने व्ही० म्हणजे सरासरी २४५ च्या आसपास, व्ही२ म्हणजे १९० च्या आसपास किलोबिट. ठरावीक ३२० ला फाइल मोठी होते, त्या मानाने कानाला मिळतं अगदी थोडं. व्ही० घ्या.

एमपी३ जिथे खरोखर पकडला जातो ती जागा म्हणजे टाळ, झांज, चिपळ्या, करताल. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली सूक्ष्मता कमी करतो आणि त्याने झालेली चूक त्या तुकड्यात सगळीकडे पसरते. आघात तुकड्याच्या शेवटी असेल तर आघाताच्या आधीच 'फस्स' असा हलका आवाज येतो, याला पूर्वप्रतिध्वनी म्हणू. लेम अशा जागी लहान तुकडे वापरतो, तरी कमी बिटरेटला तो राहतोच. १२८ च्या एमपी३ मध्ये भजनातला टाळ पाण्यात वाजवल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. तुमच्या संग्रहात अभंग-भजनं आहेत, तेव्हा १२८ चं एमपी३ कुठेच ठेवू नका.

ओपस २०१२ चा, आणि त्याच बिटरेटला एमपी३ पेक्षा स्पष्टपणे पुढे. १२८ ला बहुतेकांना बहुतेक संगीतात मूळ आणि ओपस वेगळे ओळखता येत नाहीत. शंका वाटली तर १६०. आत सगळं ४८ किलोहर्ट्झवर चालतं, सीडीचं ४४.१ आपोआप बदलून घेतलं जातं, त्याची काळजी नको. अँड्रॉइडवर छान. गाडीच्या स्टिरिओत मात्र ओपस चालेल अशी आशा ठेवू नका.

षड्जपंचम

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी बिटरेटपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो अजून कोणी मांडला नाही : गॅप.

ख्यालाच्या सीडीवर विलंबित एका ट्रॅकला आणि द्रुत दुसऱ्याला असं वारंवार असतं, पण तानपुरा मध्ये थांबलेला नसतो. मैफलीच्या मुद्रणात टाळ्या आणि पुढची सुरावट एकमेकांत मिसळलेली असते. फ्लॅक आणि अलॅकमध्ये ट्रॅकची लांबी नमुन्यागणिक अचूक असते, त्यामुळे चांगला प्लेअर तो सांधा कळू देत नाही. एमपी३ ची चौकट १,१५२ नमुन्यांची. सुरुवातीला एनकोडरचे ५७६ आणि डीकोडरचे ५२९ नमुने शांततेचे भरतात, शेवटी चौकट पुरी करायला आणखी शांतता जोडली जाते. ट्रॅक बदलताना तानपुरा क्षणभर तुटतो. सुरात बसलेल्या कानाला तो तडा सहन होत नाही.

लेम ही संख्या फाइलीच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. फूबार२०००, पॉवरॲम्प यांसारखे प्लेअर ती वाचून बरोबर तेवढं कापतात. गाडीचे बहुतेक स्टिरिओ वाचत नाहीत. म्हणून गाडीच्या प्रतीसाठी उपाय असा की एका रागाचे सगळे ट्रॅक जोडून एकच फाइल करायची. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये ट्रॅक निवडून 'एका फाइलीत' हा पर्याय द्यायचा, काम झालं. ओपसच्या रचनेतच सुरुवातीचे किती नमुने टाकायचे हे लिहिलेलं असतं, तिथे हा त्रास नाही.

प्लेअरमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना दुसरा सुरू करणं) बंद आहे ना हेही बघा. ते चालू असलं तर कुठलाही फॉरमॅट घ्या, समेवर पुढचा ट्रॅक चढतो.

कोकणसूर

२४ बिट ९६ किलोहर्ट्झबद्दल कोणी बोललं नाही. एलपी आणि कॅसेटी १६/४४.१ ला घेतल्या तर त्यातला जिवंतपणा जातो असं अनेक जण सांगतात. तासाला २ जीबी लागले तरी चालतील, पण घ्यायचं तर उत्तमच घ्यावं ना?

षड्जपंचम

आकड्यांनी बघू या. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर ९६ डेसिबल. चांगल्या एलपीचं ६० ते ७०, साध्या फेरिक कॅसेटीचं ५० ते ६०. म्हणजे कॅसेटीची खरखरच १६ बिटच्या तळाच्या कितीतरी वर असते. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. बाजारातल्या तयार कॅसेटींवर १५ हजारांच्या वर सांगण्यासारखं काही नसतं. ऐकायच्या प्रतीला १६/४४.१ पुरेसं आहे, हे मी ठामपणे सांगतो.

२४ बिट लागतं ते रेकॉर्ड करताना, कारण तेव्हा पातळी खाली ठेवता येते. तान वर जाऊन कधी टोक गाठेल सांगता येत नाही. सर्वांत उंच टोक उणे ६ ते उणे १० डीबीएफएसच्या दरम्यान राहील असं ठेवा; त्या मापात ० म्हणजे डिजिटलची कमाल पातळी. ० ला धडकलेला आवाज सपाट कापला जातो, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. ९६ किलोहर्ट्झचा खरा उपयोग एलपी आणि ७८ च्या तबकड्यांच्या टिकटिकीसाठी : ती टिक् क्षणिक आणि रुंद पट्ट्याची असते, जास्त नमुने असले की दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला ती गाण्यापासून वेगळी काढणं सोपं जातं. कॅसेटीला २४/४८ भरपूर.

आणि खरखर कॉम्प्रेस होत नाही हे लक्षात ठेवा. यादृच्छिक आवाजाचं भाकीत करता येत नाही, म्हणून कॅसेटीची २४ बिट फ्लॅक सीडीच्या फ्लॅकपेक्षा बरीच मोठी येते. एका ६० मिनिटांच्या कॅसेटीला २४/४८ मध्ये ६५०-७०० एमबी धरून चाला.

वायरमन

कॅसेटीचं यंत्राकडून सांगतो, कारण तिथे फॉरमॅटने पडणाऱ्या फरकापेक्षा दसपट फरक स्क्रू ड्रायव्हरने पडतो.

हेड, कॅप्स्टन (पट्टी ओढणारा दांडा) आणि रबरी रोलर आधी साफ. हेड-कॅप्स्टनला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होतं; ओलसर कापड पुरे.

मग ॲझिमथ. हेडची फट पट्टीशी काटकोनात नसेल तर उंच स्वर विझतात आणि दोन्ही चॅनल एकमेकांच्या मागेपुढे होतात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका, टाळ किंवा 'स'कार असलेली जागा लावा आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याच्याही निम्म्याने हलवत सर्वांत झळझळीत आवाज येईल तिथे थांबा. मोनोत चूक चटकन उघडी पडते. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, तेव्हा हे प्रत्येक कॅसेटीला, कधी कधी प्रत्येक बाजूला. स्क्रूची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा.

डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करायची सोय : कव्हरवर डॉल्बी बी लिहिलं असेल तरच चालू. नसलेल्या कॅसेटीला लावलं तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. लाइन आउट असेल तर तिथून घ्या, हेडफोनमधून नको. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते बहुधा मोनो असतं आणि लाइन पातळीला फाटतं. लाइन इन असलेला यूएसबी इंटरफेस लागतो. तार लावल्यावर गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुधा तिथेच मिटते.

पट्टी दाबणारी छोटी फोमची गादी पडलेली असेल तर आवाज चढ-उतार करतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून चांगल्या रिकाम्या डब्यात रिळं हलवा. स्क्रू नसलेली चिकटवलेली असेल तर शिवणीवर पात्याने हळू उघडावी लागते.

७८ च्या तबकड्या घरात असतील तर त्या एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीची सुई पाऊण मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, ७८ ला ३ मिलची लागते, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासते, तिथे धूळ आणि कचराच असतो. शिवाय आरआयएए दुरुस्तीवक्र (तबकडी वाजवताना उंच-खालच्या स्वरांचा तोल परत आणणारा) १९५० च्या दशकात रूढ झाला. जुन्या तबकड्यांना तो तसाच लावला तर उंच स्वर मारले जातात.

कच्चं रेकॉर्डिंग कुठलीही सफाई न करता फ्लॅकमध्ये वेगळं ठेवा. खरखर काढायची सफाई दुसऱ्या प्रतीवर, तीही हलक्या हाताने, ६ ते ९ डेसिबलच्या वर जाऊ नका. त्यापुढे तानपुऱ्याची झिलई जाते आणि एक टिणटिण मागे उरते.

रानजाई

हे सगळं छापून घेते आहे. आता त्या एमपी३ डिस्कांचं काय? त्या फ्लॅकमध्ये बदलल्या तर मूळ प्रतीसारख्या होतील का?

तारसप्तक

नाही. फक्त फाइल चौपट मोठी होईल, आणि पुढे कोणाला तरी ती लॉसलेस वाटेल, हे जास्त वाईट. त्या एमपी३ जशाच्या तशा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुन्हा कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये किंवा ओपसमध्येही करू नका. एकदा गाळलेलं दुसऱ्यांदा गाळलं की दोन्ही चाळण्यांचे दोष साठतात. तेच गाणं पुढे सीडीवर मिळालं तर एमपी३ काढून टाकायची.

बाहेरून आलेली फ्लॅक खरी आहे का हे बघायला स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाकली की किती हर्ट्झपर्यंत आवाज आहे याचं चित्र येतं. १२८ च्या एमपी३ मधून बनवलेली असेल तर १६ हजार हर्ट्झच्या आसपास सरळ कापलेली कडा दिसते, ३२० ची असेल तर २० हजारांच्या जवळ. पण जुन्या गाण्यांना ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. ७८ च्या तबकडीवरून आलेल्या गाण्यात वर काही नसणं साहजिक आहे. एफएम रेडिओवरून घेतलेलं १५ हजारांपाशी संपतं. कापलेली सरळ रेघ आणि हळूहळू विरत जाणारा काठ यांतला फरक ओळखायचा.

कोकणसूर

षड्जपंचम, आकडे पटले. पण काहींना खरंच फरक ऐकू येत असेल तर?

षड्जपंचम

येत असेल तर तपासता येतं. फूबार२००० ला एबीएक्स कम्पॅरेटर हा जोड आहे. एकाच फ्लॅकमधून व्ही० ची एमपी३ बनवा, दोन्ही त्यात द्या, रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) चालू ठेवा, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कोणालाही जास्त चांगला वाटतो. वाजतंय ते फ्लॅक की एमपी३, हे न बघता १६ वेळा ओळखायचं. १२ किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. ८-९ आले तर तो अंदाज होता. टाळ-चिपळ्यांचा तुकडा आणि एकट्या तानपुऱ्याचा तुकडा, दोन्हींवर करून बघा. शंभर मतं वाचण्यापेक्षा आपल्या कानाचा, आपल्या हेडफोनवरचा हा निकाल जास्त कामाचा. ब्लूटूथवर मात्र ही चाचणी करू नका, तिथे आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो.

दूरदेशी

आता ज्यात खरे कष्ट जातात ते : टॅग. रिप यंत्र करतं, टॅग माणसालाच भरावे लागतात, आणि मराठी संगीताची माहिती ऑनलाइन यादीतून बहुधा अर्धवट किंवा रोमन लिपीत येते.

विंडोज आणि मॅकवर एमपी३टॅग वापरा. नाव काहीही असो, ते फ्लॅकही हाताळतं. फ्लॅकमध्ये हवं ते रकान्याचं नाव देता येतं आणि एकाच रकान्यात अनेक नोंदी करता येतात. राग, ताल, लय, गीतकार, संगीतकार, नाटक, तबला, संवादिनी असे रकाने आधीच ठरवा आणि पहिल्या सीडीपासून तसेच भरा. 'गायक'च्या रकान्यात 'राग यमन' कोंबलेलं असेल तर पुढे शोध लागत नाही. यमन, इमन, यमनकल्याण यांतलं काय कधी लिहायचं हे सुरुवातीला कागदावर लिहून ठेवा.

देवनागरीबद्दल तीन सांगण्याजोग्या गोष्टी. एक, फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ या युनिकोड रूपातच असतात, तिथे काळजी नाही. एमपी३ ला आयडी३ या टॅगपद्धतीची २.३ आवृत्ती निवडा, यूटीएफ-१६ मध्ये, २.४ काही स्टिरिओंना कळत नाही. जुन्या आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत ३० अक्षरांची जागा आहे आणि देवनागरीची सोयच नाही, ती लिहूच नका. दोन, फाइलीचं नाव. लिनक्सवर आणि बहुतेक घरगुती नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) नावाची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यांत काना-मात्रा आणि हलंतही मोजले जातात. गायक, राग, बंदिशीचा मुखडा असं सगळं नावात भरलं की विंडोजवरून नॅसवर कॉपी मध्येच अडते. नावात ट्रॅक क्रमांक आणि बंदीश एवढंच, बाकी टॅगमध्ये.

तीन, 'ऱ्या' मधला ऱ. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करते. मग लिनक्सकडे सिंक केलं की 'वाऱ्यावर' असलेल्या फाइली नव्या समजून दुसऱ्यांदा कॉपी होतात, आणि शोधताना एक सापडते, एक नाही. आरसिंक या सिंकच्या आज्ञेला आयकॉन्व्हचा (नावांचं रूप बदलून घ्यायचा) पर्याय देऊन हे टाळता येतं, किंवा फाइलींची नावं रोमनमध्ये आणि टॅग देवनागरीत ठेवून. मी दुसरा मार्ग सुचवेन. गाडीचे काही स्टिरिओ देवनागरीऐवजी चौकोन दाखवतात, त्यांच्यावरही तोच उतारा.

षड्जपंचम

रिप्लेगेनचं वर ओझरतं आलं, थोडं सविस्तर. जुनी मुद्रणं हळू, नव्याने मास्टर केलेली जोरात, त्यामुळे सारखा आवाजाचा खटका फिरवावा लागतो. रिप्लेगेन दर गाण्याची पातळी मोजून, उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) धरून, किती वर-खाली करायचं तो आकडा टॅगमध्ये लिहितं. मूळ ध्वनीला हात लागत नाही, म्हणून मूळ प्रतीवर बिनधास्त चालवा. राग ऐकताना 'अल्बम' पर्याय, नाहीतर शांत आलाप आणि जोरकस द्रुत एका पातळीवर येऊन रंग जातो. भावगीतांची मिसळ वाजवताना 'ट्रॅक'. गाडीचा स्टिरिओ हे टॅग बघत नाही, तेव्हा गाडीच्या एमपी३ बनवताना फूबारच्या कन्व्हर्टरमध्येच रिप्लेगेन लागू करा, म्हणजे पातळी फाइलीतच बसेल.

रानजाई

शेवटचे दोन प्रश्न. गाडीत पेन ड्राइव्हवर ट्रॅक उलटसुलट क्रमाने का वाजतात? आणि मूळ प्रतीचा बॅकअप कसा ठेवावा?

वायरमन

बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे लावत नाहीत, फॅट३२ या पेन ड्राइव्हच्या फाइलप्रणालीच्या सूचीत फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. एकदम कॉपी केल्या की तो क्रम कसाही पडतो. लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवलं की सूची नावाप्रमाणे पुन्हा लिहिली जाते. ते नसेल तर ड्राइव्ह फॉरमॅट करून फोल्डर एकेक करून, क्रमाने कॉपी करायचे. ट्रॅक क्रमांक ०१, ०२ असा दोन आकडी, नाहीतर १ नंतर १० येतो. ६४ जीबीचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतो, तो स्टिरिओला दिसला नाही तर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा; विंडोजची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या पुढे तो पर्याय देत नसेल तर वेगळं छोटं साधन लागतं. मॅकवरून कॉपी केलं तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली सोबत जातात, स्टिरिओ त्या गाणी समजून अडखळतो, त्या पुसा.

बॅकअप : दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एक घरात, एक दुसऱ्या घरी. नॅसमध्ये दोन डिस्कचा आरसा असला तरी तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं फोल्डर आरशातूनही त्याच क्षणी जातं. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवू नका, त्यातला भार हळूहळू गळतो. साठवणीला फिरती डिस्क बरी. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क जोडून सगळ्या फाइलींवर फ्लॅकची टेस्ट चालवा. फूबारमध्येही फाइल शाबूत आहे का तपासायचा जोड आहे. जी फाइल नापास होईल ती दुसऱ्या डिस्कवरच्या पास झालेल्या प्रतीने बदला. आधी तपासणी, मग सिंक. उलट केलं तर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर चढते.

फोनच्या आणि गाडीच्या प्रतींचा बॅकअप घेऊ नका. फ्लॅक आहे तोवर त्या एका रात्रीत पुन्हा बनतात.